घर तुमचं, जमीन असोसिएशनची: मिशिगनमधल्या एका तंबूंच्या गावाची गोष्ट

२०२२ च्या ऑगस्टमध्ये सलमान रश्दींवर हल्ला झाला ती बातमी आठवत असेल. मुंबईत जन्मलेला लेखक, न्यूयॉर्क राज्यातल्या कुठल्याशा तळ्याकाठी भाषणाला गेलेला आणि स्टेजवरच चाकूहल्ला. त्या जागेचं नाव शटॉक्वा इन्स्टिट्यूशन. तेव्हा मला वाटलं असेल एखादी युनिव्हर्सिटी वगैरे, पण ते कॉलेज नाही, चर्च नाही आणि रिसॉर्टही नाही, म्हणजे खरं तर तिन्ही थोडं थोडं आहे. तिथं आधी मेथॉडिस्ट पंथाच्या लोकांचा तंबू ठोकून प्रार्थना करायचा तळ होता. अशा जागा अमेरिकेत बऱ्याच आहेत आणि सगळ्यांची कुंडली साधारण सारखी, तळं, झाडं, तंबू, मग लाकडी घरं, मग उन्हाळ्याची सुट्टी.

त्यातली एक मी पाहिली. बहीण डेट्रॉइटजवळ राहते, ती एकदा आम्हाला गाडीत घालून उत्तरेला चारेक तासांवर पेटोस्की नावाच्या गावी घेऊन गेली, लेक मिशिगनच्या काठाला. तळं म्हणायचं म्हणून म्हणायचं हो, आकार महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा आहे, पलीकडचा काठ दिसत नाही. पेटोस्कीला अगदी चिकटून बे व्ह्यू नावाची वसाहत आहे. वळणावळणाचे रस्ते, उंच झाडं आणि चारशेच्या वर जुनी लाकडी घरं, प्रत्येकाला पुढे ऐसपैस पोर्च, कोरीवकाम केलेल्या झालरी. घरं एवढी सुंदर पण एकमेकांना एवढी खेटून का? आजूबाजूला जंगल पडलंय, जागेला काय तोटा होता? बहिणीला विचारलं तर ती म्हणाली ही चर्चवाल्यांची जागा आहे, इथे घर विकत मिळतं पण जमीन मिळत नाही. मी आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत आठ वर्षं कमिटीवर काढलीत त्यामुळे हे वाक्य ऐकल्यावर मला चैन पडेना. परत आल्यावर वाचत बसलो, ते इथे जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी मेथॉडिस्ट म्हणजे कोण ते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली नावाचा एक पाद्री होता, ऑक्सफर्डला असताना तो आणि त्याचे मित्र ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी उपास, ठरल्या वेळी कैद्यांना भेटणं असं सगळं शिस्तीत करायचे म्हणून बाकीची पोरं त्यांना चिडवायला मेथॉडिस्ट म्हणायची, म्हणजे पद्धतवाले. नाव चिकटलं. १७३९ पासून वेस्ली चर्चच्या बाहेर, उघड्या माळावर, खाणकामगारांसमोर उभा राहून बोलायला लागला आणि तिथून या पंथाला उघड्यावरच्या प्रवचनाची सवय लागली ती लागलीच. अमेरिकेत तर त्यांचे पाद्री घोड्यावर बसून जंगलातल्या वस्त्या फिरायचे, एकेकाकडे शेकडो मैलांचा टापू. चर्च बांधायला पैसे नाहीत, माणसं विखुरलेली, मग करायचं काय, तर वर्षातून एकदा सगळ्यांना एका जागी बोलवायचं.

याला म्हणतात कॅम्प मीटिंग. आपल्याकडे गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो ना, मांडव पडतो, पंचक्रोशीतली माणसं येतात, सकाळी काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद, साधारण तसाच प्रकार समजा. फरक एवढाच की आपल्या सप्ताहात माणसं जेवून रात्री घरी जातात, तिकडे घर दोन दिवसांच्या अंतरावर म्हणून बैलगाडी, बायकापोरं, भांडीकुंडी, पीठ सगळं घेऊन यायचे आणि आठवडाभर तिथंच राहायचे. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकी राज्यात केन रिज इथे असा एक मोठा मेळावा भरला होता, दहा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान माणसं आल्याचे वेगवेगळे अंदाज आहेत, आणि तेव्हा त्या राज्यातलं सगळ्यात मोठं गाव लेक्सिंग्टन, त्याची वस्ती दोन हजाराच्या आत! लोक रडत होते, थरथरत होते, जमिनीवर कोसळत होते. अंगात येणं म्हणतो आपण, पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेली वर्णनं वाचली तर दुसरा शब्द सुचत नाही. तो मेळावा भरवला प्रेस्बिटेरियन नावाच्या दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी, पण त्यांच्यातल्या शहाण्यासुरत्या मंडळींना हा गोंधळ फारसा पटला नाही आणि मेथॉडिस्टांनी मात्र ती पद्धत उचलली आणि पुढे पन्नास वर्षांत ते अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ झाले.

मांडणी ठरलेली असायची. मध्ये लाकडी मंच, पुढे ओंडक्यांची बाकं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि सगळ्यांच्या भोवती तंबूंची रांग. वेळ बहुतेक ऑगस्टची, कारण गव्हाची कापणी झालेली आणि मक्याला अजून अवकाश. जागा झाडीची, कारण सावली फुकट. आणि पाणी जवळ हवं, हजारो माणसं आणि त्यांची जनावरं आठवडाभर काय प्यायची? तळ्याकाठी सावली आणि पाणी दोन्ही जमतं, शिवाय वारा असतो आणि पुढे बोटी आल्यावर तर थेट धक्क्यावर उतरता यायचं. (पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायला तळं लागत असेल असं मला आधी वाटलं होतं, पण मेथॉडिस्ट बहुतेक वेळा डोक्यावर थोडं पाणी शिंपडून काम भागवतात, त्याला लोटाभर पाणी पुरतं.)

आता घरं खेटून का, तर त्याचं उत्तर या तंबूंच्या रांगेत आहे. प्लॉट पाडले ते तंबूसाठी, घरासाठी नाही.

हे कसं घडत गेलं ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या वेस्लियन ग्रोव्हमध्ये सगळ्यात छान दिसतं, ते समुद्रावर आहे, तळ्यावर नाही, पण नमुना तोच. १८३५ मध्ये तिथं नऊ तंबू पडले. दरवर्षी तीच माणसं तीच जागा धरायला लागली, जत्रेत खेळणीवाल्याची जागा ठरलेली असते तसं. मग कोणीतरी म्हणालं दरवर्षी ओल्या मातीवर झोपायचं कशाला, फळ्या टाकून जमीन करू. मग फळ्यांच्या भिंती आणि वर कापड. मग कापडाच्या जागी छप्पर. १८६० च्या दशकात तिथं चिमुकली लाकडी घरं उभी राहिली, पुढे मधोमध दोन फळ्यांचं रुंद दार, तंबूचं तोंड उघडल्यासारखं, आणि टोकदार कमानीच्या खिडक्या चर्चसारख्या. नीट पाहिलं तर ते घर म्हणजे लाकडात केलेला तंबूच आहे. तिथली तीनशेच्या वर घरं आजही उभी आहेत.

आणि माणसाचं कसं असतं, एकदा घर झालं की आठवड्यासाठी कोण जातं? जुलैतच जाऊ, पोरांना शाळा नाही, समुद्र आहे, हवा आहे. प्रार्थना एक आठवडा आणि मुक्काम दोन महिने. हे बघून जमीनवाल्यांना वास लागला, १८६६ मध्ये एका कंपनीने शेजारची जमीन घेतली, प्लॉट पाडले, धक्का बांधला, हॉटेल काढलं आणि ओक ब्लफ्स नावाचं नवं रिसॉर्ट उभं केलं, देवभक्तांच्या कुंपणाला लागून. मेथॉडिस्ट घाबरले, त्यांनी मध्ये उंच लाकडी कुंपण घातलं. उपयोग काय होणार, कुंपणाच्या आतली माणसंच दुपारी बाहेर पोहायला जात होती.

तर हा झाला पहिला टप्पा, भक्तीतून सुट्टी. दुसरा टप्पा शटॉक्वाचा आणि तो जास्त हुशारीचा आहे. शटॉक्वा तळ्याकाठी फेअर पॉइंट नावाच्या जागी मेथॉडिस्टांचा तळ होताच, तिथं १८७४ च्या ऑगस्टमध्ये जॉन व्हिन्सेंट नावाचा पाद्री आणि लुईस मिलर नावाचा ओहायोतला कारखानदार या दोघांनी रविवारच्या शाळेच्या, म्हणजे चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवणाऱ्या, शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचं शिबिर घेतलं. मिलर शेतीची यंत्रं बनवायचा, पुढे थॉमस एडिसन त्याचा जावई झाला, ते असो. व्हिन्सेंटला रडारडीच्या कॅम्प मीटिंगा आवडायच्या नाहीत, त्याला शिक्षण हवं होतं. मग बायबलबरोबर इतिहास आला, विज्ञान आलं, संगीत आलं, पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ग्रँट येऊन गेले, आणि १८७८ मध्ये घरबसल्या चार वर्षांचा वाचनाचा कोर्स सुरू झाला ज्यात ज्यांना कॉलेजचं तोंड बघायला मिळालं नव्हतं अशा हजारो बायका नाव घालून बसल्या. आपल्याकडच्या वसंत व्याख्यानमालेसारखं समजा, फक्त तळ्याकाठी आणि मुक्कामासकट.

हुशारी कशात आहे ते सांगतो. मेथॉडिस्ट तोपर्यंत गरीब शेतकरी राहिले नव्हते, दुकानदार, वकील, डॉक्टर झाले होते, हातात पैसा आणि उन्हाळ्यात वेळ होता. पण सुट्टी म्हणजे आळस आणि आळस म्हणजे पाप हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यात सुट्टीची तेव्हाची प्रसिद्ध ठिकाणं म्हणजे साराटोगासारखी, जिथं घोड्यांच्या शर्यती, जुगार, दारू, नाच. पोरींना घेऊन तिथं कसं जायचं? मग ही तळ्याकाठची शिबिरं म्हणजे अगदी सोय झाली, दारू नाही, पत्ते नाहीत, शटॉक्वाला तर रविवारी दरवाजे बंद आणि बोटीलाही धक्क्याला लागायची परवानगी नाही, सकाळी व्याख्यान, दुपारी पोहणं, संध्याकाळी भजन. घरी परत आल्यावर शेजाऱ्याला सांगता येतं की आम्ही भूगर्भशास्त्र शिकून आलो. देवदर्शनाला म्हणून निघायचं आणि येताना दोन दिवस महाबळेश्वर करून यायचं, हा हिशोब आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

बे व्ह्यूत हे दोन्ही टप्पे एकामागोमाग आले, पण तिथं तिसरा एक भिडू होता, रेल्वे.

ग्रँड रॅपिड्स अँड इंडियाना नावाची रेल्वे कंपनी उत्तर मिशिगनच्या जंगलातून रूळ टाकत १८७३ च्या शेवटी पेटोस्कीला पोचली. सरकारने रूळ टाकायच्या बदल्यात तिला जमिनी दिल्या होत्या. तेव्हा या भागात पांढऱ्या पाइनची तोड जोरात होती, पण झाडं संपल्यावर डब्यात कोण बसणार हा प्रश्न कंपनीला दिसत असणारच. १८७५ मध्ये मिशिगनच्या मेथॉडिस्टांनी कॅम्प मीटिंगसाठी राज्यव्यापी जागा शोधायला घेतली तेव्हा रेल्वेने आणि पेटोस्कीच्या गावकऱ्यांनी जमीन मिळवून द्यायला मदत केली, अट अशी की तिथं दरवर्षी मेळावा भरला पाहिजे आणि जागेवर खर्च झाला पाहिजे. देवाला देवाचं काम, रेल्वेला तिकिटं. पुढे ही कंपनी स्वतःला फिशिंग लाइन म्हणवून घ्यायची, शिकागो, सिनसिनाटी, सेंट लुईसच्या उकाड्यात शिजलेल्या माणसांना मासेमारीच्या आणि गार हवेच्या जाहिराती. परागकणांमुळे शिंका येणाऱ्यांची तर तिथं रीघ लागायची, कारण ज्या तणाने हा त्रास होतो ते इतक्या उत्तरेला तेव्हा फारसं नव्हतं. उन्हाळ्यात पेटोस्की, बे व्ह्यू आणि खाडीपलीकडचं हार्बर स्प्रिंग्ज यांच्यामध्ये छोट्या लोकल गाड्या धावायच्या.

पण ती जमीन आधी कोणाची होती? ओडावा लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची. पेटोस्की हे नावच एका ओडावा माणसाच्या, इग्नेशियस पेटोसेगाच्या नावावरून पडलंय. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८३६ च्या तहात त्यांच्याकडून मोठा मुलूख गेला, १८५५ च्या तहात कबूल केलं की प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या नावावर जमीन मिळेल, पण कागद वेळेवर निघाले नाहीत, कर थकले म्हणून जमिनी गेल्या, फसवून सह्या घेतल्या, आणि १८७० च्या दशकाच्या मध्याला हा भाग गोऱ्या वस्तीला मोकळा झाला. बे व्ह्यूची सुरुवात नेमकी त्याच वर्षांतली. तिथल्या ओडावांच्या जमातीला केंद्र सरकारची मान्यता परत मिळायला १९९४ उजाडलं. ‘जंगलात भक्तांनी गाव वसवलं’ असं वाक्य अशा गोष्टीत हमखास येतं, ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या की जंगल रिकामं नव्हतं.

पहिला मेळावा १८७६ च्या ऑगस्टमध्ये झाला. जमीन तळ्यापासून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते, हजारो वर्षांपूर्वी तळ्याचं पाणी जिथंजिथं होतं तिथले ते जुने काठ आहेत, त्यामुळे वरच्या पायरीवरच्या घरालाही पाणी दिसतं. रस्ते या पायऱ्यांच्या कडेकडेने वळवले. तंबू पडले, लगेच एक-दोन वर्षांत घरं सुरू झाली. १८८६ मध्ये जॉन हॉल नावाच्या माणसाने शटॉक्वाच्या धर्तीवर बे व्ह्यू असेंब्ली काढली, उन्हाळी वर्ग, व्याख्यानं, संगीत, आणि १८९३ मध्ये स्वतःचं वाचनमंडळ. तेव्हाचे गाजलेले पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन येऊन बोलले, अंध-बधिर लेखिका हेलन केलर येऊन गेल्या, कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन येऊन गेले. या शेवटच्या नावाकडे परत येऊ, लक्षात ठेवा.

आता जमिनीचं. कॅम्प मीटिंगमध्ये प्लॉट विकत नसत, भाड्याने देत, कारण जागा देवाच्या कामाची, ती बाजारात फिरायला नको आणि उद्या कोणी दारूचं दुकान टाकलं तर हाकलता आलं पाहिजे. हीच पद्धत बे व्ह्यूत कायम राहिली. म्हणजे सातबारा म्हणा, बे व्ह्यू चालवणाऱ्या असोसिएशनच्या नावावर. तुम्ही मेंबर व्हायचं, मेंबर झालात तर प्लॉटचा भाडेपट्टा मिळणार, त्यावर घर तुमचं, रंग तुम्ही द्या, छप्पर तुम्ही बदला, विकताही येईल, पण विकत घेणारा आधी मेंबर व्हायला पाहिजे. मुंबईत भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या बिल्डिंगीत राहणाऱ्यांना हे वाचून पोटात गोळा येईल. त्यात भर म्हणजे १८८९ मध्ये मिशिगन राज्याने अशा उन्हाळी वसाहतींसाठी वेगळा कायदाच केला ज्यात असोसिएशनला स्वतःचे नियम करायचा, ते पाळले जातात की नाही हे बघायला स्वतःचा मार्शल नेमायचा अधिकार मिळाला, म्हणजे सोसायटी आणि नगरपालिका यांच्या मधलं काहीतरी. आमच्या कमिटीला पार्किंगमध्ये लावलेली कोणाची स्कूटर हलवता येत नाही आणि यांच्याकडे पोलीस!

या पद्धतीचे फायदे खरे आहेत, ते आधी सांगतो. अशाच दुसऱ्या ठिकाणांचं काय झालं बघा. शिकागोजवळ लेक मिशिगनवरच लेक ब्लफ म्हणून मेथॉडिस्टांचा तळ होता, तोही १८७५ चाच, १८९५ मध्ये ते रीतसर गाव झालं आणि आज ते शिकागोचं श्रीमंत उपनगर आहे, तळाची आठवण नावापुरती. कॅनडात लेक ऑन्टारिओवर ग्रिम्सबी पार्क होतं, १८५९ पासूनचा तळ, मोठा घुमट असलेलं प्रार्थना-मंदिर बांधलेलं, १९१० च्या सुमाराला ते एका धंदेवाल्या माणसाकडे गेलं आणि त्याने तिथं पाळणे आणि खेळ आणून अम्युझमेंट पार्क केलं, मग आगी लागल्या आणि संपलं, काही रंगीबेरंगी घरं तेवढी उरलीत. मोटारगाडी आली, सिनेमा आला, रेडिओ आला, आणि १९२० च्या दशकानंतर तर गावोगाव तंबू घेऊन फिरणाऱ्या व्याख्यानांच्या शटॉक्वा मंडळ्या बसल्याच. बे व्ह्यूत मात्र जमीन कोणाला फोडून विकताच येत नव्हती, बिल्डर आत शिरूच शकत नव्हता, म्हणून १८८० सालची घरं तशीच राहिली आणि १९८७ मध्ये अख्ख्या वसाहतीला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कचा, म्हणजे राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. भाडेपट्ट्याने वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि त्याच भाडेपट्ट्याने दार बंदही करता आलं. सुरुवातीला नियम मुख्यतः वागणुकीचे होते, तुम्ही सज्जन आहात का, दारू पीत नाही ना. पण १९४० च्या दशकात नियमात घातलं की मेंबर गोरा असला पाहिजे आणि ख्रिश्चन असला पाहिजे. म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन, गुलामगिरीत जन्मलेला माणूस, ज्या मंचावर उभा राहून बोलला आणि ज्याला टाळ्या मिळाल्या, तिथंच चार दशकांनी त्याच्या वंशातल्या कोणाला घर घेता आलं नसतं. ऐकायला बोलवणं वेगळं आणि शेजारी म्हणून घेणं वेगळं, हे काही फक्त अमेरिकेतच नाही. वंशाची अट १९५९ मध्ये काढली. रोमन कॅथलिकांवर दहा टक्क्यांची मर्यादा होती, ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली. ख्रिश्चन असण्याची अट मात्र तशीच राहिली, अर्जाबरोबर पाद्र्याचं पत्र जोडायचं.

इथे लोकांचा एक गैरसमज होऊ शकतो की बाहेरचे कोणी येऊन भांडले. तसं नाही, आतलेच भांडले. कारण घरं वारशाने जातात, चार-चार पिढ्या त्याच पोर्चवर उन्हाळा काढलेला, आणि मधल्या काळात मुलीने ज्यू मुलाशी लग्न केलं, नातवंडं चर्चला जात नाहीत, मग आजीचं घर मिळणार कोणाला? जावई घरात राहू शकतो पण मेंबर होऊ शकत नाही, आणि मेंबर नाही तर भाडेपट्टा नाही. अशा काही घरमालकांनी गट केला, आतून मतदान घेऊन बघितलं, नियम बदलायला लागणारी मतं पडेनात, शेवटी २०१७ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात गेले.

खटल्यात मुद्दा काय होता ते सोपं करून सांगतो. अमेरिकेत १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने घर विकताना धर्म बघायला बंदी आहे, पण धार्मिक संस्थेला काही बाबतीत सूट आहे, ती आपल्या पंथाच्या लोकांना प्राधान्य देऊ शकते. असोसिएशन म्हणत होती आम्ही धार्मिक संस्था, मूळ उद्देशच तो. विरोधी घरमालक म्हणत होते, चारशे खासगी घरं, टेनिस, होड्या, संगीत महोत्सव, ही धार्मिक संस्था कशी, आणि त्यातून तुम्हाला राज्याच्या कायद्याने सरकारसारखे अधिकार दिलेत, तर सरकारसारखे अधिकार घेऊन धर्माची चाळणी कशी लावता? दोन्ही बाजूंनी एकदम चालत नाही, एक तर चर्च व्हा नाहीतर नगरपालिका. मला हा युक्तिवाद भयंकर आवडला. २०१८ मध्ये मेंबरांनी स्वतःहून शब्द थोडे नरम केले, ख्रिश्चन असायची अट काढून संस्थेच्या तत्त्वांचा आदर करावा अशा अर्थाचं काही घातलं, पण वादींना ते पुरेसं वाटलं नाही आणि २०१९ मध्ये कोर्टामार्फत तडजोड झाली, धर्माची अट गेली, पाद्र्याचं पत्रही गेलं.

आपल्याकडे २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमका उलट्या दिशेचा निकाल दिला होता, अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या केसमध्ये, की सहकारी सोसायटीला आपल्या बायलॉजमध्ये फक्त पारशांनाच मेंबर करू अशी अट ठेवता येते. तिथंही प्रश्न हाच होता, एकत्र येऊन राहायचा हक्क मोठा की घर विकणाऱ्याचा. मी या दोन्ही केस शेजारी ठेवून पुष्कळ विचार केला आणि माझं मत असं झालं की प्रार्थनेचा हॉल तुमचा ठेवा, मंच तुमचा ठेवा, पण जिथं माणसं घरं बांधून तीन पिढ्या राहतात तिथं ते मंदिर राहत नाही, ती वस्ती होते. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल, आमच्या घरातच यावर दोन तट आहेत.

आपला आणि या मेथॉडिस्टांचा एक जुना धागाही आहे. विल्यम टेलर नावाचा प्रचारक, जो आधी सॅन फ्रान्सिस्कोत सोन्याच्या धावपळीच्या दिवसांत रस्त्यावर उभा राहून प्रवचनं करायचा, तो १८७१ च्या शेवटी मुंबईत आला आणि त्याने इथे त्याच धाटणीच्या सभा घेतल्या, त्यातून मुंबईतली मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली. जॉर्ज बोवेन, जे १८४८ पासून मुंबईत फकिरासारखे राहत होते आणि बॉम्बे गार्डियन नावाचं पत्र चालवत होते, ते टेलरला येऊन मिळाले. बोवेन यांच्या नावाचं चर्च मुंबईत अजून आहे, आणि मुंबई सेंट्रलला वायएमसीए रोडवर मेथॉडिस्ट सेंटरची पाटी दिसते ती याच परंपरेतली. मी त्या रस्त्याने कितीदा गेलो असेन, पाटीकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

बे व्ह्यूत आज काय चालतं? उन्हाळाभर रविवारी प्रार्थना, संध्याकाळी भजनं, आठवडाभर व्याख्यानं, आणि १९१४ साली बांधलेल्या जॉन हॉलच्या नावाच्या मोठ्या सभागृहात संगीत, तरुण वादक-गायक देशभरातून शिकायला येतात. बाहेरच्या माणसाला रस्त्यावरून फिरता येतं, कोणी अडवत नाही, आम्ही दोन तास फिरलो. एका ठिकाणी दोन घरांच्या मधून जाणारी बोळ होती तिथं मी दोन्ही हात पसरले तर जवळजवळ दोन्ही भिंतींना लागत होते. वर पोर्चवर बसलेल्या एका आजोबांनी हसून विचारलं काय मोजताय, मी म्हटलं तंबू, त्यांना कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी हात हलवला. घरांना हीटर नाही, भिंती पातळ फळ्यांच्या, आणि नियमच आहे की मुक्काम फक्त मे ते ऑक्टोबर. त्यानंतर नळांतलं पाणी काढून टाकतात, नाहीतर थंडीत गोठून पाइप फुटतात, खुर्च्या आत जातात, खिडक्यांना फळ्या लागतात, आणि सहा महिने चारशे घरांत एकही माणूस नसतो.